निखाऱ्यावरील मांस आणि पाव



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण नाक मुरडतील आणि कांहींजण आवाज किंचित् मोठा करून जवळ सरकतील, हें मला ठाऊक आहे. दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत डुकराचें मांस निखाऱ्यावर सावकाश भाजून पावांत घालून खाण्याची रीत आहे. ती आपल्या घरीं कशी साधावी, आणि आपल्या शेजारच्या गोमंतकांतील चोरीस-पावाशीं तिचें नातें काय, हें मला आज सांगावयाचें आहे. वक्ता शनिशिंगणापूरचा रहिवासी, शनिवारचा उपास पाळणारा, स्वतः मांसाहार न करणारा एक निवृत्त शाळामास्तर. तेव्हां हा विषय त्यानें कां निवडावा, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचें उत्तर असें कीं माझा नातू पुण्यास नोकरी करतो, आणि सुटीच्या दिवशीं मित्र जमवून हा प्रकार करतो. त्याच्या आईनें प्रथम अबोला धरला. मग तिनें तें प्रकरण माझ्याकडे निकालासाठीं पाठविलें. 'करूं नको' एवढाच निकाल देऊन मी मोकळा झालों असतों, तर त्यानें तो ऐकून घेतला असता आणि पुढच्या रविवारीं कोळसा पेटविलाच असता. सज्ञान माणसानें स्वतःच्या घरीं काय खावें, हें ठरविण्याचा अधिकार मजकडे नाहीं. पण हें मांस नीट न भाजल्यास काय होतें, कोळसा कोठें पेटवूं नये, आणि न खाणाऱ्या पाहुण्याशीं कसें वागावें, या तीन गोष्टी त्याला कोणींच सांगितलेल्या नव्हत्या. जन्मभर भूगोल शिकविला, म्हणून आरंभ मात्र भूगोलापासूनच करतों.

'चोरीस' हा शब्द मूळचा पोर्तुगीज. पोर्तुगालमध्यें ज्याला शोरीसु म्हणतात, त्यालाच शेजारच्या स्पेनमध्यें चोरीसो म्हणतात. आंतड्याच्या नळींत मीठ-मसाला लावलेलें डुकराचें मांस भरून केलेली ही वस्तु. पोर्तुगीज ती घेऊन पूर्वेस आले, स्पॅनिश लोक ती घेऊन पश्चिमेस गेले. १५१० सालीं आल्बुकेर्कनें गोवें घेतलें. १४९३ सालीं कोलंबसानें आपल्या दुसऱ्या सफरींत डुकरें जहाजांत घालून अमेरिकेच्या बेटांवर नेलीं, तोंपर्यंत त्या खंडांत हा पाळीव प्राणी नव्हताच. म्हणजे एकाच द्वीपकल्पांतून निघालेले दोन भाऊ, एक मांडवीच्या कांठीं राहिला आणि दुसरा ब्वेनोस आयरेसला. तेथें चोरीसो आणि 'पान', म्हणजे पाव, हे दोन शब्द जोडून 'चोरिपान' झाला. आपल्याकडे चोरीस-पाव. नांवें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं, म्हणजे नात्याला आणखी पुरावा नको.

गंमत पुढेंच आहे. गोव्याच्या चोरीसाला जो लाल रंग आणि तिखटपणा आहे, तो मिरचीचा. आणि मिरची ही अमेरिकेची. सोळाव्या शतकापूर्वी हिंदुस्थानांत मिरची नव्हती. तिखटपणासाठीं आपले पूर्वज मिरीं, पिंपळी आणि आलें वापरीत. अमेरिकेची मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली आणि इतकी रुजली कीं आज आमच्या नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला ती परदेशी आहे म्हणून सांगितलें, तर तो आपल्याला वेड्यांत काढील. उलट, आर्जेंटिनांतला चोरीसो चवीला सौम्य असतो. मिरचीच्या खंडांत राहिलेला भाऊ कमी तिखट, आणि हजारों कोस दूर गेलेला अधिक तिखट.

पावाविषयींहि एक गैरसमज येथेंच निवारतों. पायांनीं मळतात म्हणून पाव, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. चार एकत्र जोडलेले असतात, त्यांतला एक म्हणजे पाव हिस्सा, म्हणून पाव, असेंहि दुसरे कोणी सांगतात. दोन्ही कल्पना रचलेल्या आहेत. पोर्तुगीज भाषेंत भाकरीच्या या प्रकारास 'पांव' असाच कांहींसा सानुनासिक उच्चार आहे. बटाटा, काजू, अननस, चावी, साबण, पगार हे जसे आले, तसाच हाहि शब्द आला. या पोर्तुगीजांशीं आमच्या नगरचाहि जुना संबंध आहे, तो वैराचा. मुर्तजा निजामशहानें १५७० सालीं चौलच्या पोर्तुगीज ठाण्यास वेढा घातला, आणि त्याच वेळीं विजापूरच्या आदिलशहानें गोव्यावर स्वारी केली. दोघांनाहि यश आलें नाहीं, आणि १५७१ सालीं तह झाला. चौलजवळच्या कोर्लई गांवांत अजूनहि कांहीं कुटुंबें घरांत पोर्तुगीज वळणाची एक मिश्र बोली बोलतात. नगरच्या सैन्यानें तेव्हां चौल जिंकलें असतें, तर वडा-पावाचें काय झालें असतें, असा विचार माझ्या मनांत कधींकधीं येतो.

पावाला आपल्या समाजांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत केवढी दहशत होती, तें तरुण श्रोत्यांना सांगूनहि पटणार नाहीं. विहिरींत पाव टाकला आणि तें पाणी प्यालेला गांवच्या गांव बाटला, अशा कथा कोंकणांत आणि वसईकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात. त्यांतलें खरें किती हा प्रश्न निराळा. पण कथा सांगणाऱ्यांची भीति खरी होती. आज त्याच पावांत वडा घालून आपण उभ्या उभ्या खातों, मिसळीबरोबर खातों, आणि कोणाचीहि जात जात नाहीं. तेव्हां कोणत्या अन्नानें माणूस बाटतो याचा निर्णय काळ आपल्याला न विचारतां बदलतो, एवढें मीं माझ्या सुनेस सांगितलें. तिला तें तितकेंसें आवडलें नाहीं.

आतां गोव्याचें चोरीस कसें होतें तें पाहूं, कारण पुढच्या सगळ्या सावधगिरीचें मर्म त्यांत आहे. डुकराचें मांस चरबीसकट लहान तुकडे करून मीठ लावून वजनाखालीं दाबून ठेवतात, म्हणजे त्यांतलें पाणी निथळून जातें. मग उन्हांत सुकवितात. लाल मिरची, लसूण, आलें, मिरीं, जिरें, लवंग, हळद हें सारें माडाच्या सुरेपासून केलेल्या शिर्क्यांत वाटून त्यांत तें मांस मुरवितात. नंतर तें स्वच्छ केलेल्या आंतड्यांत भरून, दोऱ्यानें बांधून, जपमाळेच्या मण्यांसारख्या लहान गांठी करतात; आणि त्या माळा पुन्हां उन्हांत व चुलीवरच्या धुरांत टांगतात. मीठ, आंबट, ऊन आणि धूर असे हे चार पहारेकरी. मांस नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना पाणी लागतें. मीठ आणि ऊन तें पाणी काढून घेतात, आणि उरलेल्या ओलाव्यांत शिर्का त्यांना वाढूं देत नाहीं. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं मासळी बंद. त्या दिवसांसाठीं ही तजवीज. मे महिन्यांत गोव्यांत पुरुमेताच्या, म्हणजे बेगमीच्या, जत्रा भरतात, तेथें सुकी मासळी, आमसुलें, मिरच्या यांच्याबरोबर चोरीसाच्या माळाहि टांगलेल्या दिसतात. आपल्या गृहिणी त्याच महिन्यांत पापड-कुरडया घालतात. वस्तु निराळी, पण मे महिन्याची घाई तीच.

हें चोरीस गोव्यांत सहसा जाळीवर भाजीत नाहींत. दोरा सोडून, मांस मोकळें करून, भरपूर कांद्याबरोबर थोड्या पाण्यांत शिजवितात. त्याचीच चरबी सुटते, त्यांतच तें परततें. निराळें तेल घालणारा माणूस गोंयकार नव्हे, असें तेथें समजावें. आणि मग तें पोदेरानें आणलेल्या पावांत भरतात. पोदेर म्हणजे पाववाला; हाहि शब्द पोर्तुगीजच. पहाटे आणि सायंकाळीं सायकलवर टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवीत तो येतो. त्याच्या टोपलींत मऊ पाव, कडक उंडे, कोंड्याची चपटी पोय, बांगडीच्या आकाराचीं कांकणें असे प्रकार असतात. पूर्वीं हें पीठ माडाच्या ताज्या सुरेनें फुगवीत. पण माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी होत गेले आणि बाजारचें यीस्ट आलें. जुनी माणसें म्हणतात, सुरेच्या पावाची किंचित् आंबूस गोडी त्याबरोबर गेली. मांस परवडतें, पण चांगला पाव मिळत नाहीं, अशी ही स्थिति मला चोरीसापेक्षांहि अधिक काळजीची वाटते. ज्या घासाचा अर्धा भाग पाव आहे, त्यांत कारखान्याचा कापसासारखा पाव घालणें म्हणजे उत्तम चित्राला रद्दी कागदाची चौकट करणें होय.

आर्जेंटिनाची रीत याहून निराळी, ती निखाऱ्याची. तेथें रविवारीं मांस भाजण्याचा जो कौटुंबिक सोहळा होतो, त्याला असादो म्हणतात. ब्वेनोस आयरेसच्या नदीकडच्या रस्त्यावर हातगाड्यांवर चोरिपान मिळतो, आणि त्याच्या शेजारींच 'बोंदिओला'हि मिळते. बोंदिओला म्हणजे डुकराच्या मानेचा, खांद्याकडचा चरबीच्या रेषा असलेला भाग. हा शब्द इटलींतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं तेथें नेला. घरीं करावयास चोरीसोपेक्षां हाच भाग सोपा, कारण आंतडें भरण्याची यातायात नाहीं.

दीड किलोचा अखंड तुकडा सहा-सात माणसांस पुरतो. आदल्या रात्रीं दर किलोस पंधरा ग्रॅम या मानानें मीठ, आणि थोडी मिरपूड व ठेचलेली लसूण चोळून तो शीतपेटींत ठेवावा. मसाल्याचा मारा करूं नये. आपला हात येथेंच सैल सुटतो. भाजण्यापूर्वी तासभर तुकडा बाहेर काढून ठेवावा.

निखाऱ्याविषयीं मात्र मला आर्जेंटिनाकडून कांहीं शिकावयाचें नाहीं. आमच्या नेवासें तालुक्यांत पौष महिन्यांत ज्यानें हुरडा भाजला आहे, त्याला हें शास्त्र अंगवळणीं पडलेलें असतें. आगटींत गोवऱ्या पेटवून ज्वाळा पूर्ण बसल्यावरच ज्वारीचीं कोंवळीं कणसें निखाऱ्यांत सारावयाचीं. ज्वाळेंत सारलीं तर वरून जळतात आणि आंत कच्चीं राहतात. मांसाचा नियमहि हाच. कोळसा बाभळीचा घ्यावा. तो पेटून त्यावर राखेची पांढरी साय आली, म्हणजे पसरावा. जाळीच्या जागीं तळहात धरून सावकाश सहा-सातपर्यंत आंकडे मोजतां आले पाहिजेत. तीनच मोजून हात मागे घ्यावा लागला, तर आंच अधिक आहे. निखारे बाजूस सारावेत. आर्जेंटिनांत केब्राचो नांवाच्या फार कठीण लाकडाचा कोळसा वापरतात, पण त्यासाठीं कोणी अडून बसूं नये.

आणि येथें एक गोष्ट कळकळीनें सांगतों. कोळशाची शेगडी बंद घरांत कधींहि पेटवूं नये. आमच्या शिंगणापुरांतल्या जुन्या घरांना कवाडें नाहींत, हें आपण ऐकलें असेल. तेथें धूर आपोआप वाट काढतो. शहरांतल्या सदनिकेचें तसें नाहीं. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला गुंगी येते, आणि खिडकी उघडण्याचें सुचण्यापूर्वीच तो निपचित पडतो. गच्ची किंवा अंगण नसेल, तर ओव्हनमध्यें अथवा जाड बुडाच्या झांकणाच्या भांड्यांत मंद गॅसवर हें काम करावें. धुराचा वास कमी येईल, तो येऊं द्यावा.

तुकडा जाळीवर चरबीची बाजू खालीं करून ठेवावा आणि अर्ध्या अर्ध्या तासानें फिरवावा. दोन ते तीन तास लागतात. घाई करणारे येथें फसतात, त्याचें कारण असें. मान आणि खांदा हे जनावराचे सदा राबणारे अवयव. त्यांतले स्नायू कोलॅजन नांवाच्या चिवट पडद्यांनीं बांधलेले असतात. आंतली उष्णता ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन कांहीं काळ टिकली, म्हणजे तो चिवटपणा विरघळून त्याचा मऊ, चिकट रस होतो. त्याआधीं काढलेलें मांस खाण्यास निर्धोक असूं शकतें, पण चावतां चावतां जबडा दुखतो.

निर्धोक कोणतें, हा आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा. अखंड मांसाच्या मध्यभागीं निदान ६३ अंश उष्णता येऊन त्यानंतर तीन मिनिटें गेलीं पाहिजेत. खिमा असेल किंवा ताजें भरलेलें चोरीसो असेल, तर ७१ अंश पाहिजेत. टोंचून पाहण्याची तापमापक कांडी बाजारांत मिळते. नुसत्या रंगावर विश्वास ठेवूं नये. डुकराच्या मांसांत पट्टकृमीचीं पिल्लें असूं शकतात. फार झालीं असतील तर साबुदाण्याच्या दाण्यांसारखे पांढरे मणी डोळ्यांनाहि दिसतात. तसें मांस सरळ टाकून द्यावें. थोडीं असतील तर दिसत नाहींत. असें मांस कच्चें खाल्लें, तर आंतड्यांत लांबच लांब पट्टकृमि होतो.

पण त्याहून भयंकर रोग आहे तो मेंदूंतल्या गांठींचा. त्यानें झटके येतात. आपल्या देशांत अपस्माराच्या प्रमुख कारणांपैकीं तें एक आहे. हा रोग मांस खाल्ल्यानें थेट होत नाहीं, आणि हें पुष्कळ सुशिक्षितांनाहि माहीत नसतें. ज्याच्या पोटांत पट्टकृमि आहे, त्याच्या विष्ठेंतून त्या कृमीचीं अंडीं बाहेर पडतात. तीं घाणेरड्या पाण्यावाटे भाजीपाल्यावर येतात, न धुतलेल्या हातांवाटे अन्नांत येतात. आणि तीं ज्याच्या पोटांत जातील, त्याच्या रक्तांतून पिल्लें मेंदूपर्यंत पोंचतात. म्हणून जन्मांत ज्यानें मांसाला स्पर्श केला नाहीं, अशा माळकऱ्यालाहि हा रोग होतो. माझ्या सुनेचा असा समज होता कीं आपण शाकाहारी, म्हणजे आपण सुरक्षित. तिला मीं सांगितलें, कोबी, गाजर आणि कोथिंबीर वाहत्या पाण्याखालीं स्वच्छ धुणें हें तुझ्याहि हिताचें आहे. आणि नातवाला सांगितलें, गटारांत हिंडणाऱ्या डुकरांचें मांस स्वस्त मिळालें, तरी घेऊं नको. परवानाधारक दुकानांतून, बंदिस्त पाळलेल्या जनावरांचेंच घे.

मांसाबरोबर ते लोक चिमिचुरी नांवाची एक हिरवी ओली चटणी खातात. पार्सलीची जुडी बारीक चिरावी, वाटूं नये. चार-पांच लसणीच्या पाकळ्या, चमचाभर वाळलेलें ओरेगानो, सुक्या लाल मिरचीचे कुटलेले तुकडे, आणि कोमट पाण्यांत विरघळविलेलें मीठ घालावें. दोन भाग शिर्का आणि चार भाग तेल ओतून चार-पांच तास मुरूं द्यावें. तेल सूर्यफुलाचें चालतें, तेथेंहि तेंच पुष्कळ वापरतात. आपलें घाण्याचें शेंगदाणा तेल चांगलें, पण तें आपलाच वास पुढें करतें. पार्सली न मिळाल्यास कोथिंबीर घालतात. चटणी चांगली होते, मात्र ती चिमिचुरी राहत नाहीं.

मांस जाळीवरून उतरवून दहा मिनिटें तसेंच राहूं द्यावें. मग बोटाएवढ्या जाडीचे काप करून ते पुन्हां दोन दोन मिनिटें जरा तेज निखाऱ्यावर टाकावेत, वर लिंबू पिळावें. पाव उभा न कापतां आडवा, एका बाजूस जुळलेला ठेवून कापावा, आणि त्याची आंतली बाजू जाळीवर किंचित् शेकावी, म्हणजे रसानें तो लगेच भिजून फाटत नाहीं. बाहेरून कडक आणि आंतून मऊ असा पाव हवा. गोव्याचा उंडो त्याला फार जवळचा. शिळ्या पावावर पाण्याचा हात फिरवून शेकला, तरी काम भागतें.

आतां पाहुण्यांविषयीं. आपल्या समाजांत हें मांस न खाणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचें कारण वेगळें. मुसलमान आणि यहुदी यांना तें धर्मानेंच निषिद्ध आहे. आमच्यासारख्यांना संवयीनें आणि संस्कारानें नको असतें. कोणालाहि 'खाऊन तर पाहा' म्हणून आग्रह करूं नये, आणि थट्टेखातर न सांगतां तर मुळींच वाढूं नये. तो मी विश्वासघात समजतों. न खाणाऱ्यासाठीं जाळी वेगळी, चिमटा वेगळा, आणि त्याच्या वस्तु मांसाच्या आधीं भाजाव्या. भरताचें वांगें निखाऱ्यावर भाजून, सोलून, मीठ लावून तीच हिरवी चटणी घालून पावांत भरावें. मीं पुण्यास गेलों असतां नातवानें मला तेंच दिलें. सुनेनेंहि त्या दिवशीं अबोला सोडून तेंच खाल्लें. पण जाळी नवी आहे कीं नाहीं, हें तिनें आधीं दोनदां विचारून घेतलें होतें.

उरलेलें मांस दोन तासांच्या आंत शीतपेटींत जावें आणि दोन-तीन दिवसांत, पुन्हां वाफ येईपर्यंत गरम करून, संपवावें. चटणी मात्र शीतपेटींत आठवडाभर राहते, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती पावापेक्षांहि बरी लागते.